गाडीतला पारा किती खरा?

दुपारी दीड-दोनचा सुमार. बोनकोडे गावातल्या एखाद्या गल्लीत सकाळपासून उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डवर ‘बाहेरचे तापमान ४३ अंश’ असा आकडा झळकतो. हातातला मोबाइल मात्र ३६ दाखवत असतो. गल्लीतून बाहेर पडून कोपरखैरणे स्थानकाच्या बाजूने ठाणे-बेलापूर रस्त्याला लागेपर्यंत गाडीतला आकडा ४१ होतो, मग ३९ होतो आणि रबाळेच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की ३७ वर येऊन स्थिरावतो. दहा-पंधरा मिनिटांत हवा सहा अंशांनी थंड झालेली नसते. हा बदल गाडीच्या मोजण्यात झालेला असतो.

हा आकडा आता बहुतेक नव्या गाड्यांत दिसतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. एप्रिल-मे महिन्यात ४७, ४९ असे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डची छायाचित्रे मोबाइलवरून फिरतात. ‘हवामान खाते खरा आकडा लपवते’ असा शेराही त्यांच्याखाली असतो. याच्या उलटही घडते. गाडीत ३४ दिसले म्हणून ‘आज फारसे ऊन नाही’ असे समजून घरातल्या वयस्कर माणसाला भरदुपारी बाहेर पाठवले जाते. दोन्ही ठिकाणी चूक एकच. गाडी नेमके काय मोजते आणि शरीराला नेमके काय सोसावे लागते, या दोन प्रश्नांची गल्लत.

बंपरमागचा मणी

गाडीचा हा तापमापक म्हणजे वाटाण्याहून लहान असा एक मणी असतो. काही धातूंच्या ऑक्साइडची पूड एकत्र भाजून तो तयार करतात आणि प्लॅस्टिकच्या टोपीत बसवतात. त्याला थर्मिस्टर म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या आत, जाळीमागे पण रेडिएटरच्या पुढे लावलेला असतो. काही गाड्यांत तो बाजूच्या आरशाच्या खालच्या अंगाला असतो.

साधी तांब्याची तार तापली की तिच्यातून वीज वाहायला अधिक अडथळा होतो. थर्मिस्टरचे वागणे उलटे आहे. तो जसा तापतो तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो. हा उलटा गुणधर्म मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये चांदीच्या सल्फाइडवर प्रयोग करताना दिसला होता. त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेतील संशोधक सॅम्युअल रुबेन यांनी १९३० मध्ये वापरता येण्याजोगा थर्मिस्टर तयार केला. आज हाच मणी फ्रिजमध्ये, एसीमध्ये, मोबाइलच्या बॅटरीत आणि ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरमध्येही असतो.

त्याचे काम समजायला एक नमुना घेऊ. नेहमी वापरात असलेल्या एका प्रकारात २५ अंशांना रोध १० किलोओहम असतो. शून्य अंशाला तो सुमारे ३३ किलोओहमपर्यंत चढतो, ४० अंशांना ५.३ आणि ५० अंशांना ३.६ किलोओहमपर्यंत उतरतो. गाडीचा संगणक एका ठरावीक रोधातून या मण्याकडे ५ व्होल्टचा दाब पाठवतो आणि मण्यापाशी किती व्होल्ट उरले ते पाहतो. ठरावीक रोधही १० किलोओहमचा असेल, तर २५ अंशांना तेथे अडीच व्होल्ट मिळतात आणि ४० अंशांना सुमारे १.७. कोणत्या व्होल्टला कोणते तापमान, याचा तक्ता संगणकात आधीच भरलेला असतो. त्यातून आकडा काढून तो पडद्यावर दाखवला जातो. कंपनीप्रमाणे हे आकडे बदलतात, पद्धत मात्र हीच.

या मण्याची स्वतःची अचूकता चांगली असते. कारखान्यातून निघालेला थर्मिस्टर साधारण अर्धा ते एक अंश इतक्या फरकाने बरोबर असतो. पडद्यावर आकडा अर्ध्या किंवा पूर्ण अंशात दाखवला जात असल्याने त्यात आणखी थोडी भर पडते. म्हणजे सर्व काही ठीक असेल आणि गाडी वेगात धावत असेल, तर एक-दोन अंशांच्या फरकाने योग्य तापमान कळायला हरकत नसते. मग उभ्या गाडीत सहा-सात अंश जास्त का दिसतात?

चूक मण्यात नाही, जागेत आहे

कोणताही तापमापक प्रत्यक्षात स्वतःचेच तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवा खेळती असेल तर तो हवेइतका होतो. हवा थांबली की आजूबाजूच्या तापलेल्या वस्तू त्याला आपल्याइतका करू पाहतात.

बंपरमागच्या मण्याचा शेजार पाहिला की पुढचे आपोआप कळते. त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर असतो. गाडीच्या आतली उष्णता बाहेर टाकणे हेच कंडेन्सरचे काम असल्याने भर उन्हात तो हात लावू नये इतका तापतो. त्याच्या मागे रेडिएटर असतो आणि त्यातले कूलंट सुमारे ९० अंशांवर खेळत असते. त्याच्याही मागे इंजिन. मण्याच्या खाली डांबर असते. कडक उन्हात डांबराचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि त्याला लागून असलेला हवेचा थर वरच्या हवेपेक्षा बराच गरम असतो. बंपरची उंची गुडघ्याएवढी, म्हणजे मणी त्या गरम थराच्या जवळच बसलेला असतो.

गाडी धावत असताना समोरची ताजी हवा आधी मण्यावर येते आणि मग कंडेन्सर व रेडिएटरमधून मागे जाते. मागची उष्णता पुढे यायला वाव मिळत नाही. सिग्नलला किंवा वाहनांच्या रांगेत गाडी थांबली की हा प्रवाह खुंटतो. पंखा फिरत असला तरी इंजिनखालून बाहेर पडलेली गरम हवा वळसा घेऊन पुन्हा पुढच्या जाळीपाशी येते. समोर ट्रक असेल तर त्याच्या धुराची ऊबही त्यात मिसळते. इंजिन बंद केल्यावर तर पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता पुढचा बराच वेळ बंपरच्या पोकळीत मुरत राहते. गल्लीत भिंतीला खेटून उभ्या असलेल्या गाडीत बंपर थेट उन्हानेच तापलेला असतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची उष्णता नसते. पण कंडेन्सर, तापलेला बंपर आणि डांबर तेथेही असतातच.

उलट दिशेनेही चूक होते. पावसात मणी ओला झाला आणि त्यावर वारा लागला, की पाणी उडून जाताना त्याला थोडे थंड करते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने अशा वेळी आकडा थोडा कमी दिसू शकतो.

संगणकाची सावधगिरी

गाडी बनवणाऱ्यांना ही अडचण माहीत आहे. म्हणून मण्याकडून आलेला आकडा जसाच्या तसा पडद्यावर दाखवला जात नाही. बहुतेक गाड्यांच्या संगणकात त्यासाठी काही नियम घालून दिलेले असतात. तापमान उतरत असेल तर नवा आकडा लगेच दाखवायचा, कारण गाडीची स्वतःची उष्णता आकडा खाली आणू शकत नाही. तापमान चढत असेल तर मात्र थांबायचे. गाडी ठरावीक वेगाने काही काळ चालली तरच ती वाढ खरी मानायची. गाडी थांबलेली असेल तर शेवटचा विश्वासार्ह आकडा तसाच धरून ठेवायचा. इंजिन बंद करून थोड्याच वेळात पुन्हा सुरू केले आणि कूलंट अजून गरम असेल, तर नवे मोजमाप न घेता मघाचाच आकडा दाखवायचा.

या नियमांचा एक परिणाम चालकांच्या लक्षात येत नाही. सकाळी आठ वाजता निघालेली गाडी ऐरोलीच्या पुलाआधी तासभर अडकली, तर पडद्यावरचे ३० अंश कदाचित सकाळचेच असतात. बाहेर हवा एव्हाना बरीच तापलेली असू शकते. म्हणजे उभ्या गाडीतला आकडा काही गाड्यांत फार जास्त, तर काही गाड्यांत शिळा आणि कमी असतो. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पडद्यावरून कळत नाही.

मुळात हा मणी गाडीत आला तो उन्हासाठी नव्हेच. थंड देशांत तापमान ३-४ अंशांवर आले की हिमकणाचे चिन्ह दाखवून ‘रस्त्यावर बर्फ असू शकेल’ असा इशारा देणे, हे त्याचे महत्त्वाचे काम. हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पुलावरचा रस्ता गोठलेला असू शकतो, म्हणून इशारा आधीच दिला जातो. मनालीला किंवा लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या पर्यटकांनी त्या चिन्हाकडे जरूर लक्ष द्यावे. याशिवाय स्वयंचलित एसी किती जोराने चालवायचा, हेही या मण्याच्या आकड्यावर ठरते. या कामांना एक-दोन अंशांची चूक चालते. हवामानाची नोंद ठेवण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

वेधशाळेचा पारा

मग ‘खरे’ तापमान म्हणजे कोणते? जगभरच्या हवामान खात्यांनी त्यासाठी एक संकेत ठरवला आहे. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत हवा. त्याखाली शक्यतो गवताची किंवा मोकळी जमीन असावी, आजूबाजूला भिंती आणि डांबर नसावे. यासाठी वापरली जाणारी झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणून ओळखली जाते. स्कॉटलंडचे दीपगृह अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात ती तयार केली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरत नाही. कुलाबा आणि सांताक्रूझ येथे मोजला जाणारा मुंबईचा पारा याच संकेताने मोजला जातो.

याचा अर्थ वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले, तेही सावलीतच. बोनकोड्याच्या गल्लीत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसाला त्याहून जास्त जाणवते. म्हणून वेधशाळा खोटी ठरत नाही. एका शहराची दुसऱ्या शहराशी आणि आजच्या दिवसाची सत्तर वर्षांपूर्वीच्या दिवसाशी तुलना करायची, तर सगळीकडे एकाच पद्धतीने मोजावे लागते.

अर्थात शास्त्रीय केंद्रेही चुकतात. मे २०२४ च्या अखेरीस विदर्भ तापलेला असताना नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वेळी शहरातली इतर केंद्रे ४४ च्या आसपास होती. तो आकडा सेन्सरच्या बिघाडामुळे आल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. त्याच आठवड्यात दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तपासल्यावर तेथील सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. दोन्ही ठिकाणी चूक सापडली ती शेजारच्या आकड्यांशी पडताळून पाहिल्याने. गाडीच्या आकड्यामागे अशी पडताळणी कोणी करत नाही.

शरीराला कोणता आकडा कळतो?

समजा, गाडीतला मणी अगदी बिनचूक आहे. तरीही उष्माघाताचा धोका ओळखायला तो पुरेसा नाही. शरीर घाम गाळते आणि तो घाम हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हवेत आधीच दमटपणा असेल तर घाम उडत नाही, नुसता निथळतो. अंग भिजते, पण थंड होत नाही. ठाण्याच्या खाडीला लागून असलेल्या नवी मुंबईत नेमके हेच होते. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या तक्त्यानुसार ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला ते सुमारे ४१ अंशांसारखे जाणवते, आणि तेही सावलीत. गाडीचा पडदा त्या वेळी ३२ इतकेच दाखवतो.

आर्द्रतेखेरीज थेट ऊन आणि वारा हेही महत्त्वाचे. उन्हात काम करणाऱ्यांचा धोका मोजण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी एक निर्देशांक तयार झाला. ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हे त्याचे नाव. त्यात तीन तापमापक असतात. एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या पोकळ गोळ्यात ठेवलेला आणि एक नेहमीचा कोरडा. उघड्यावरच्या हिशेबात ओल्याला ७० टक्के, काळ्या गोळ्याला २० टक्के आणि कोरड्याला फक्त १० टक्के वजन दिले जाते. ज्या आकड्यावरून गाडीत वाद होतात तो कोरड्या तापमापकाचा. जिवाच्या हिशेबात त्याचे थेट वजन एक-दशांश आहे.

नवी मुंबईला याची जाणीव फार मोठी किंमत मोजून झाली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय तासन्‌तास उघड्यावर बसला होता. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी कमाल ३८ अंशांची नोंद होती. विदर्भातल्या माणसाला ३८ हा आकडा उन्हाळ्यात साधा वाटतो. पण तो सावलीतला आणि कोरड्या तापमापकाचा होता. त्यात डोक्यावरचे ऊन, खाडीकाठचा दमटपणा आणि गर्दीत कोंडलेली हवा यांची भर पडली.

म्हणूनच उष्णतेच्या लाटेचे निकष सगळीकडे सारखे नाहीत. भारतीय हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून लाटेचा विचार करते, किनारी भागात मात्र ३७ अंशांपासून. त्याबरोबर तापमान त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे लागते. बोनकोड्यात राहणाऱ्याने ४० ची वाट पाहू नये, असाच याचा अर्थ. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि दुपारचा समुद्री वारा उशिरा सुरू होतो. मुंबई परिसराचा पारा अचानक चढतो तो बहुधा अशा दिवसांत.

पडद्यावर उणे ४० आले तर

या मण्याच्या बिघाडाची एक गमतीशीर खूण आहे. भर मे महिन्यात पडद्यावर उणे ४० अंश दिसतात किंवा आकड्याच्या जागी नुसत्या रेघा येतात. वायर तुटली किंवा कपलर निसटला की वीज वाहूच शकत नाही. रोध अमर्याद झाला असे संगणकाला वाटते आणि जास्त रोध म्हणजे कडाक्याची थंडी, असा अर्थ तो लावतो. वायर एकमेकींना चिकटल्या तर उलट होते, आकडा अशक्य वाटावा इतका वर जातो. बंपरला छोटा धक्का लागला, खड्ड्यात तो घासला किंवा उंदराने वायर कुरतडली, की असा बिघाड होतो.

गंमत तेवढ्यावर थांबत नाही. अनेक गाड्यांत बाहेर फार थंडी आहे असे संगणकाला वाटले, तर तो एसीचा कॉम्प्रेसर सुरूच करत नाही. मग एसी गार करत नाही म्हणून गॅस भरून घेतला जातो, पंखा बदलला जातो, आणि दोष मात्र बंपरमागच्या एका लहान कपलरमध्ये असतो. पडद्यावरचा आकडा विचित्र आहे आणि एसीही चालत नाही, या दोन गोष्टी मिस्त्रीला एकत्र सांगितल्या तर खर्च वाचू शकतो.

हळूहळू होणारा बिघाड ओळखणे अवघड. खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यातले रस्त्यावरचे पाणी यांनी कपलरच्या पिना गंजतात. गंजामुळे समजा ५०० ओहमचा जादा अडथळा आला, तर वरच्या नमुन्यातल्या मण्याचा आकडा ४० अंशांच्या सुमारास दोनेक अंशांनी कमी दिसेल. कपलरमध्ये चिखल आणि ओल गेली तर वीज आडवाटेने वाहते, एकूण रोध कमी होतो आणि आकडा जास्त दिसू लागतो.

तपासणी घरच्या घरी करता येते. गाडी रात्रभर सावलीत उभी असावी. सकाळी ऊन लागण्याआधी आणि इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून किंवा बटण दाबून आकडा पाहावा. बंपरशेजारी पंधरा मिनिटे ठेवलेल्या घरगुती तापमापकाशी तो ताडून पाहावा. फरक एक-दोन अंशांचा असेल तर मणी ठीक आहे. चार-पाच अंशांचा फरक रोज दिसत असेल तर कपलर साफ करून घ्यावा. गॅरेजमध्ये मणी काढून बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवूनही तपासता येतो. ते मिश्रण शून्य अंशाला असते. त्या तापमानाला रोध किती हवा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

फरक सांगणारे यंत्र

या मण्याला अगदीच निकामी समजणे हाही अन्याय होईल. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने दहा मिनिटे चालली असेल, तर त्याचा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. त्यातही दोन ठिकाणांमधला फरक तो अधिक चांगला सांगतो, कारण मण्याची स्वतःची चूक दोन्ही ठिकाणी जवळपास सारखीच असते. नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्याला जाताना गाडी सुमारे ६०० मीटर चढते. उंचीनुसार हवा साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे घाट चढल्यावर चारेक अंशांचा उतार अपेक्षित असतो. घाटात वाहतूक कोंडी नसेल तर तो पडद्यावर दिसतोही.

गाडीवर तापमापक लावून शहर मोजण्याची कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ विल्हेल्म श्मिट यांनी १९२७ मध्ये मोटारीवर तापमापक बसवून व्हिएन्ना शहरातून फेरी मारली. शहराचा मध्य आणि कडेची मोकळी जागा यांतील तापमानाचा फरक त्यांनी नोंदवला. शहर आपल्या भोवतालापेक्षा उष्ण असते, ही आज सर्वांना माहीत असलेली गोष्ट अशा फेऱ्यांमधून पक्की होत गेली. आपल्याकडेही पुणे आणि मुंबईतल्या तापमानाच्या वाटणीचा अभ्यास १९७३ मध्ये हवामान खात्याच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. रात्री मोकळ्या रस्त्यावरून जाताना दाट वस्तीत आणि खाडीच्या बाजूला गाडीचा आकडा एक-दोन अंशांनी वेगळा दिसला, तर त्यामागे हेच कारण असू शकते. डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात.

उभी गाडी, बंद काचा

बाहेरचे तापमान दाखवणारा आकडा एका बाबतीत मात्र जीवघेणा गैरसमज करून देऊ शकतो. पडद्यावर ३० अंश आहेत म्हणून ‘दोनच मिनिटांत येतो’ असे म्हणत मुलाला गाडीत ठेवून जाणारे पालक दिसतात. तो आकडा बाहेरचा असतो, आतला नव्हे. अमेरिकेत २००५ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान मोजले गेले. एका तासात ते सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३० असताना आत अर्ध्या तासात ४७ च्या पुढे. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. मूल, वृद्ध किंवा पाळीव प्राणी यांना बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नये, हाच यातला एकमेव सुरक्षित नियम.

रस्त्यावर दिवस काढणाऱ्या टॅक्सीचालकांनी, टेम्पोचालकांनी आणि घरपोच सामान पोहोचवणाऱ्यांनी पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हवामान खात्याचा इशारा, हवेतला दमटपणा आणि स्वतःच्या शरीराच्या खुणा पाहाव्यात. तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहावे. बारा ते चार या वेळेत जड सामान उतरवण्याचे काम शक्य तेवढे टाळावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना असते. तेव्हाच काम थांबवून सावलीत जावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चक्कर येऊन पडला, अंग चटका बसावा असे तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. शरीराच्या आतले तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये. रुग्णाला सावलीत किंवा एसी सुरू असलेल्या गाडीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा आणि जांघा येथे बर्फ किंवा गार पाण्याची फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णालय गाठण्याआधीच्या पहिल्या अर्ध्या तासात शरीर जितके थंड करता येईल, तितकी जीव वाचण्याची शक्यता वाढते.